सारथ्याचे मन आणि वनौषधींची कुपी

मोटारींच्या शर्यतीला आरंभ होण्यापूर्वी चालकांच्या डोळ्यांसमोर पाच लाल दिवे एकेका सेकंदाच्या अंतराने लागतात. पाचवा दिवा लागल्यावर ते सर्व किती वेळाने विझतील, हे कोणासही ठाऊक नसते. ते विझले की सुटायचे. दिवे विझल्यापासून हाताने क्लच सोडेपर्यंत फॉर्म्युला वनच्या निष्णात चालकाला साधारणतः सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. पुढे मोटार ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावू लागली म्हणजे तेवढ्याच अवधीत ती सुमारे १७ मीटर अंतर कापते. बाजारपेठेतला रुंद रस्ता या फुटपाथापासून त्या फुटपाथापर्यंत जेवढा असतो, तेवढे अंतर पापणी लवण्याच्या आत मागे पडते.

ज्या खेळात काळाचा असा हिशेब चालतो, तेथे मन तल्लख करून देण्याचे आश्वासन देणाऱ्या वस्तूंना गिऱ्हाईक मिळणारच. अश्वगंधा, ब्राह्मी, जिन्सेंग, गिंको, ऱ्होडिओला, ग्वाराना अशा वनस्पतींच्या अर्कांच्या गोळ्या व चूर्णे ‘एकाग्रता’, ‘स्फूर्ती’, ‘चित्तशांती’ अशा शब्दांनिशी खेळाडूंना विकली जातात. तोच माल थोड्या निराळ्या वेष्टनात परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी आणि रात्री उशिरापर्यंत वह्या तपासणाऱ्या व्यापाऱ्यांसाठीही दुकानात मांडलेला असतो. शर्यतीच्या चालकाला जे लागू पडते, ते पुष्कळ अंशी घरातल्या माणसांनाही लागू पडते. म्हणून या वनौषधींची परीक्षा तेथे कशी होते, हे समजून घेणे प्रत्येक कुटुंबाच्या उपयोगाचे आहे.

मनावर पडणारा भार

मोनॅकोच्या शहरी रस्त्यांवरील शर्यतीत ७८ फेऱ्या असतात आणि प्रत्येक फेरीत १९ वळणे. म्हणजे चालकाला एका दुपारी १,४८२ वळणे घ्यावी लागतात आणि जवळजवळ प्रत्येक वळणावर लोखंडी कठडा चाकापासून वीतभर अंतरावर उभा असतो. त्या काळात हृदयाचे ठोके मिनिटाला १६० ते १८० पर्यंत पोहोचतात. वेगवान वळणावर आणि जोराने ब्रेक लावताना शरीरावर त्याच्या वजनाच्या पाचपट भार येतो. तो मानेला पेलावा लागतो. अंगावर अग्निरोधक कपड्यांचे थर असतात आणि मोटारीतील उष्णता ५० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते. उष्ण हवेतील शर्यत संपेपर्यंत चालकाचे वजन घामावाटे दोन-तीन किलोंनी घटलेले असते.

८ ऑक्टोबर २०२३ रोजी कतारमधील लुसैल येथे झालेल्या शर्यतीत या भाराचे टोक दिसले. ती शर्यत रात्रीची होती, तरी उकाडा आणि दमटपणा विलक्षण होता. एस्तेबान ओकोन या फ्रेंच चालकाला मोटार चालवताना हेल्मेटमध्येच उलटी झाली. अमेरिकेच्या लोगन सार्जंटला शर्यत अर्धवट सोडावी लागली. वेगवान वळणांवर शुद्ध हरपत असल्यासारखे वाटत होते, असे कॅनडाच्या लान्स स्ट्रोलने नंतर सांगितले. यांपैकी कोणीही दुर्बळ नव्हता. वर्षानुवर्षे व्यायामाने घडवलेली ती शरीरे होती. पाणी आणि थंडावा हे दोन आधार सुटताच त्यांची मनेही डळमळली.

निष्णात मनाची काटकसर

मोटार चालवताना तरबेज माणसाच्या मेंदूत काय चालते, याचा शोध इटलीतील संशोधकांनी घेतला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ११ व्यावसायिक शर्यतचालक आणि ११ सामान्य माणसे यांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून चपळाईची व अंतर-दिशा ओळखण्याची कामे दिली गेली. व्यावसायिक चालकांचा मेंदू अधिक जोराने काम करीत असेल, अशी सर्वसाधारण समजूत. प्रत्यक्षात त्यांच्या मेंदूचा कमी भाग कामाला लागलेला आढळला आणि त्या भागांमधील परस्परसंबंध मात्र अधिक दृढ दिसले.

हा निष्कर्ष व्यापारी कुटुंबातील वाचकाला चटकन पटेल. नवखा मुनीम एक रक्कम जुळवताना सारी वही उलगडतो. चाळीस वर्षे पेढी सांभाळलेला माणूस नेमक्या पानावर बोट ठेवतो. त्याचा मेंदू अधिक पेटलेला नसतो, त्याची वहिवाट पक्की झालेली असते. शर्यतचालकाची तल्लखता ही अशी मुरलेली काटकसर आहे. ती सरावातून येते. मेंदूला चाबूक मारून अधिक धावायला लावणारी वस्तू या काटकसरीला साहाय्य करीलच असे नाही; कित्येकदा ती तिचा भंगच करते.

सावकाश काम करणाऱ्या वनस्पती

वनौषधींना काहीच आधार नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अश्वगंधेवर झालेल्या अभ्यासांपैकी एक भारतातला, २०१२ चा आहे. दीर्घकाळ ताणाखाली असलेल्या ६४ प्रौढांपैकी निम्म्यांना अश्वगंधेच्या मुळाचा अर्क दिवसातून दोनदा ३०० मिलिग्रॅम या प्रमाणात ६० दिवस दिला गेला, उरलेल्यांना दिसायला तशीच पण निष्क्रिय गोळी. अर्क घेणाऱ्यांचा ताण कमी झाला आणि रक्तातील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी उतरले. झोप सुधारल्याचेही अन्य काही अभ्यासांत दिसले आहे. मात्र याच वनस्पतीने काहींना गुंगी येते, थायरॉइडचे प्रमाण बदलते आणि क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली.

ब्राह्मीचे तसेच. ऑस्ट्रेलियात २००१ मध्ये ४६ निरोगी प्रौढांवर झालेल्या अभ्यासात दररोज ३०० मिलिग्रॅम अर्क १२ आठवडे घेतल्यानंतर नवे शिकण्याचा आणि माहिती ग्रहण करण्याचा वेग वाढलेला दिसला. पाच आठवड्यांपेक्षा बारा आठवड्यांनंतरचा लाभ अधिक होता. एकच मात्रा घेऊन दोन तासांत काय होते हेही तपासले गेले. तेव्हा काहीच फरक आढळला नाही. म्हणजे शर्यतीच्या सकाळी ब्राह्मीची गोळी घेणाऱ्या चालकाच्या पदरी आशेपलीकडे काही पडत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला ब्राह्मी पाजणाऱ्या आईचीही तीच गत.

गिंको या चिनी वृक्षाच्या पानांची ख्याती स्मरणशक्तीसाठी मोठी आहे. अमेरिकेत ३,०६९ वृद्धांना सरासरी सहा वर्षे गिंकोचा अर्क अथवा निष्क्रिय गोळी देऊन पाहण्यात आली. २००८ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: स्मृतिभ्रंश टाळण्यात गिंकोचा उपयोग झाला नाही. जिन्सेंगविषयीचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

हे सारे अभ्यास सामान्य प्रौढांवर झालेले आहेत. ५० अंश उष्णतेत, पाचपट भाराखाली बसलेल्या माणसावर नाहीत. तरी त्यांतून एक गोष्ट स्वच्छ दिसते. ज्या वनस्पतींना संशोधनाचा थोडाफार आधार आहे, त्या आठवड्यांच्या व महिन्यांच्या गतीने काम करतात, आणि त्यांचा परिणाम ताण, झोप व स्मरण यांवर होतो. सेकंदाचा शंभरावा हिस्सा त्या विकत देऊ शकत नाहीत.

झटपट गुणाचे मोल

काही वनस्पतींचा परिणाम तासाभरात जाणवतो, हेही खरे. त्यांतली सर्वांत परिचित वस्तू घरोघरी उकळत असते. चहा-कॉफीतील कॅफिन अर्ध्या ते एका तासात रक्तात पूर्णपणे उतरते आणि थकलेल्या माणसाची सावधानता खरोखर वाढवते. चहामध्ये थिआनिन नावाचे आणखी एक द्रव्य असते. कॅफिनबरोबर ते दिल्यास लक्ष विचलित होण्याचे प्रमाण काहीसे घटते, असे प्रयोगांत दिसले आहे. ग्वाराना या ॲमेझॉनच्या खोऱ्यातील वेलीच्या बिया म्हणजे कॅफिनचेच दुसरे भांडार. कॉफीच्या बियांपेक्षा त्यांत ते अधिक असते. ‘वनस्पतिजन्य स्फूर्ती’ असे लिहिलेल्या कुपीत बहुधा हीच स्फूर्ती असते आणि तीवर चहाच्या कपाच्या कितीतरी पट किंमत आकारलेली असते.

कॅफिन एके काळी खेळाडूंना ठरावीक मर्यादेपलीकडे निषिद्ध होते. १ जानेवारी २००४ पासून ते निषिद्ध यादीतून वगळले गेले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे. शक्तिपेयाच्या २५० मिलिलिटरच्या डब्यात सुमारे ७५ ते ८० मिलिग्रॅम कॅफिन असते. पण तेच पेय, वर ग्वारानाची गोळी, वर दोन कप कॉफी असा मेळ बसला की छाती धडधडते, हात थरथरतो आणि रात्रीची झोप जाते. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे पाच-सहा तासांनंतरही रक्तात शिल्लक असते. सायंकाळी उसनी घेतलेली जाग रात्री व्याजासह फेडावी लागते.

याहून भयंकर कथा एफेड्राची आहे. चिनी वैद्यकात ‘मा हुआंग’ म्हणून ओळखली जाणारी ही वनस्पती एफेड्रिन देते; ते हृदयाची गती व शरीराची उष्णता वाढवते. अमेरिकेत ती वजन घटवण्यासाठी आणि स्फूर्तीसाठी खुल्या बाजारात मिळत असे. फेब्रुवारी २००३ मध्ये स्टीव्ह बेकलर हा २३ वर्षांचा बेसबॉलपटू सरावाच्या वेळी उष्माघाताने मृत्युमुखी पडला. तो घेत असलेल्या एफेड्रायुक्त गोळ्यांचा या मृत्यूत वाटा होता, असा निर्वाळा शवचिकित्सकाने दिला. पुढच्याच वर्षी अमेरिकेने अशा पूरकांच्या विक्रीवर बंदी आणली. बेकलर उघड्या मैदानावर होता. अग्निरोधक कपड्यांत जखडलेल्या, घाम पुसण्याचीही सोय नसलेल्या चालकाने असे द्रव्य घेतले तर काय होईल, हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. ‘वनस्पतीचे आहे म्हणजे निर्धोक आहे’ या वचनाला एफेड्राइतके स्वच्छ उत्तर दुसरे नसेल. धोत्रा, बचनाग आणि कुचला यांच्या रूपाने ते उत्तर भारतातील खेड्यापाड्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

रक्तात सापडलेल्याची जबाबदारी

मोटारक्रीडेची जागतिक संस्था, अर्थात एफआयए, जागतिक उत्तेजकविरोधी संहिता मानते. या संहितेचे मूलतत्त्व कठोर आहे: खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू उत्तरदायी. ते कोणी दिले, का घेतले, ठाऊक होते की नव्हते, हे प्रश्न शिक्षेचे माप ठरवताना येतात. दोष ठरवताना येत नाहीत. या संहितेच्या यादीत मोटारक्रीडेसाठी एक विशेष नोंद आहे. हृदयाची गती मंदावून हाताचा कंप थांबवणारी ‘बीटा ब्लॉकर’ औषधे बहुतेक खेळांत चालतात. मोटारशर्यतीत आणि नेमबाजीत ती स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहेत. औषधाने आणलेली शांतता येथे अनुचित लाभ मानली जाते.

चेक प्रजासत्ताकाचा टोमास एंगे २००२ मध्ये फॉर्म्युला ३००० या मालिकेत गुणांनी अव्वल ठरला होता. हंगेरीतील शर्यतीनंतर घेतलेल्या नमुन्यात भांगेच्या कुळातील द्रव्य सापडले. त्या शर्यतीचे गुण गेले आणि अजिंक्यपद फ्रान्सच्या सेबास्तियाँ बुर्देकडे गेले. भांग ही वनस्पतीच होय. परंतु त्या युक्तिवादाला कोणत्याही पंचासमोर किंमत नाही.

अमेरिकेच्या ए. जे. ऑलमेंडिंगरची कथा अधिक बोधप्रद आहे. २०१२ च्या जानेवारीत डेटोनाची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या संघात तो होता. त्याच वर्षी नॅस्कार मालिकेच्या अचानक तपासणीत त्याच्या नमुन्यात ॲम्फेटामिन आढळले. थकवा आला असता मित्राच्या मित्राने दिलेली एक गोळी स्फूर्तिदायक पूरक समजून घेतली. ती ॲडरॉल हे औषध निघाली, असे त्याने सांगितले. त्याच्यावर बंदी आली आणि नामांकित संघातील जागाही गेली. संस्थेने घालून दिलेला सुधारणेचा कार्यक्रम पूर्ण करून काही महिन्यांत तो परतला आणि २०१४ मध्ये वॉटकिन्स ग्लेन येथे त्याने नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेतील पहिला विजय मिळवला. एका न वाचलेल्या गोळीने त्याच्या उमेदीच्या काळातून नेलेले दिवस मात्र परत आले नाहीत.

नाव एक, माल दुसरा

वनौषधींच्या व्यवहारात फसगत पुष्कळदा येथे होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या साहाय्याने कलोन येथील प्रयोगशाळेने २००० व २००१ या वर्षांत १३ देशांतून ६३४ पूरके विकत घेऊन तपासली. त्यांपैकी ९४ मध्ये, म्हणजे जवळजवळ १५ टक्क्यांत, वेष्टनावर न लिहिलेली स्टेरॉइड द्रव्ये सापडली. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी करून अमेरिकी संशोधकांनी २००८ मध्ये जाहीर केले की, पाचांतील एकात शिसे, पारा अथवा आर्सेनिक आहे.

भेसळ नसली तरी ओळखीचा घोटाळा होतो. महाराष्ट्रात ब्राह्मी या नावाने कोठे बाकोपा मिळते, तर कोठे मंडूकपर्णी. चरकसंहितेत बुद्धिवर्धक रसायने म्हणून मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी यांचा निर्देश आहे. पण शंखपुष्पी म्हणून आज बाजारात चार निरनिराळ्या वनस्पती येतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी १९९२ मध्ये दाखवले की, अपस्मारावरील फेनिटॉइन या औषधासोबत शंखपुष्पीचे एक तयार औषध दिल्यास रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण उतरते. आवरलेले झटके पुन्हा येऊ लागल्याच्या तक्रारींवरूनच हा शोध घेतला गेला होता. अशा रुग्णाच्या हाती गाडीचे चाक असेल तर केवढा अनर्थ ओढवेल!

गुळवेलीची कथाही अशीच. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने गुळवेल निर्धोक असल्याचे सांगताना तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल घातक ठरू शकते, असा इशारा दिला. याच क्रिस्पामध्ये हायजेनामिन नावाचे द्रव्य असते आणि ते २०१७ पासून खेळाडूंच्या निषिद्ध यादीत नावानिशी आहे. म्हणजे चुकीची वेल कुटली गेली तर घरच्या रुग्णाचे यकृत आणि खेळाडूची कारकीर्द, दोन्ही संकटात.

ज्या कुटुंबांची औषधांची, किराण्याची वा आयुर्वेदिक मालाची दुकाने आहेत, त्यांना हा इशारा दुहेरी आहे. पुरवठादाराकडून वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि त्या खेपेचा प्रयोगशाळेचा दाखला मागणे हा आता चोख व्यापाराचाच भाग समजावा. खेळाडूंसाठी प्रत्येक खेप तपासून प्रमाणित करणारी ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’सारखी व्यवस्था परदेशात रूढ आहे. शाकाहारी ग्राहकाने आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. अर्क वनस्पतीचा असला तरी भोवतालची कॅप्सूल पुष्कळदा प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेल्या जिलेटिनची असते. वनस्पतिजन्य कॅप्सूल असल्यास वेष्टनावर तसा उल्लेख असतो. तसेच आसवे व अरिष्टे आंबवून केलेली असल्याने त्यांत मद्यार्क निर्माण होतो. व्रताच्या दृष्टीने त्याचा विचार करणारे वाचक आहेतच. शर्यतीतही स्पर्धाकाळात मद्यार्क निषिद्ध असल्याने चालकालाही तो करावा लागतो.

ज्याला कोणी जाहिरात करीत नाही

इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठाने २०१५ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही पुरुषांना दोन तास आभासी रस्त्यावर गाडी चालवण्यास सांगितले. एकदा त्यांना तासाला २०० मिलिलिटर पाणी दिले, दुसऱ्या वेळी केवळ २५. पुरेसे पाणी मिळाले त्या दिवशी प्रत्येकाच्या सरासरी ४७ चुका झाल्या. पाणी तोडले त्या दिवशी १०१. एका पेल्याएवढ्या पाण्याने चुका निम्म्याहून खाली आल्या. वर उल्लेखिलेल्या कोणत्याही वनस्पतीच्या नावावर चालकाच्या बाबतीत अशी नोंद नाही.

झोपेविषयीचे मोजमाप याहून कठोर आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवले की, सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाएवढी खालावते. भारतातील मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे पाचला उठून दिवसभर दुकान सांभाळलेला आणि रात्री दहानंतर कोल्हापूरहून मुंबईकडे स्वतः गाडी हाकणारा निर्व्यसनी माणूस त्या मर्यादेपलीकडे गेलेल्या मद्यप्याइतकाच धोकादायक झालेला असतो. त्याने आयुष्यात मद्याला स्पर्श केलेला नसला तरी रस्ता त्याची गय करीत नाही. अशा वेळी लफबरोच्याच संशोधकांनी सांगितलेला उपाय कामी येतो: गाडी सुरक्षित जागी थांबवावी, कॉफी घ्यावी आणि ती रक्तात उतरेपर्यंत पंधरा मिनिटे डोळे मिटावेत. त्याने थोडा वेळ निभावतो. रात्रीच्या झोपेची भरपाई मात्र होत नाही. उपवास असताना किंवा सूर्यास्तानंतर पाणीही न घेण्याचा नियम असताना लांबच्या प्रवासात चाक दुसऱ्याच्या हाती देणे हेच शहाणपणाचे. नियमही राहतो आणि सहप्रवासीही सुरक्षित राहतात.

कतारच्या प्रसंगानंतर एफआयएने योजलेला उपायही लक्षात घेण्याजोगा आहे. अतिउष्ण हवेच्या शर्यतींसाठी २०२५ पासून मोटारीत शीतकरणाची व्यवस्था व चालकाच्या अंगात थंड द्रव खेळवणारा अंगरखा यांची तरतूद झाली आणि त्याच वर्षी सिंगापूरला उष्णतेचा धोका प्रथमच अधिकृतपणे जाहीर झाला. जगातील अतिशय श्रीमंत क्रीडाप्रकारांपैकी एकाने मन सावध राखण्यासाठी अखेर शरीराला थंडावा देण्याचा मार्ग धरला.

घरातल्या तरुणांसाठी

मोटारक्रीडा आता परक्या देशांपुरती राहिलेली नाही. मुंबईच्या जेहान दारुवालाने डिसेंबर २०२० मध्ये फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय होण्याचा मान मिळवला. कोल्हापूरच्या कार्टिंग ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या झालेल्या आहेत आणि दहा-बारा वर्षांची मुले तेथे हेल्मेट चढवतात. या मुलांच्या पालकांना कोणी ना कोणी एकाग्रतेची कुपी सुचवणारच. त्या वेळी एक साधी कसोटी हाती असावी: जी वनस्पती सावकाश काम करते तिच्याकडून झटपट फळाची अपेक्षा धरू नये, आणि जी झटपट काम करते तिची चौकशी आधी करावी. मुलाला काहीही देण्यापूर्वी वैद्य अथवा डॉक्टरांना विचारावे, चालू असलेली सर्व औषधे सांगावीत, स्पर्धक मुलासाठी निषिद्ध यादी पडताळावी, आणि वेष्टन जपून ठेवावे. पुरेशी झोप, पाणी आणि नियमित सराव यांची तजवीज झाली नसेल, तर कुपीचा विचारही करू नये.

भारतीय परंपरेत सारथ्याला मोठा मान आहे, कारण रथात बसलेल्यांचे प्राण त्याच्या चित्ताच्या स्थैर्यावर अवलंबून असतात. आजचा सारथी शर्यतीच्या मोटारीत असो किंवा मालाने भरलेल्या टेम्पोत, त्याच्यावरचा विश्वास तोच आहे. वनौषधींना त्यांचे स्थान आहे आणि ते वैद्याच्या देखरेखीखालचे आहे. वळण समोर येईल त्या क्षणी उपयोगी पडते ती आदल्या रात्रीची झोप आणि आदल्या वर्षांचा सराव.